लाइव्ह कार्यक्रम वेळेवर संपवायचा कसा? (गावचा रेडिओ, पाहुणे आणि सातची प्रार्थना)

टेकडीवरचा_टॉवर | मंगळवार, रात्री ९.१२

राम राम मंडळी. इथे रेडिओवाले, आकाशवाणीत काम केलेले, निदान रोज ऐकणारे तरी कोणी असतील म्हणून धागा काढून राहिलो. मी एका सामुदायिक रेडिओवर संध्याकाळची पाळी पाहतो. यवतमाळ आणि वर्ध्याच्या मधातलं गाव समजा, नाव लिहीत नाही, नाहीतर उद्या सरपंच इथंच येऊन प्रतिसाद देतील. ट्रान्समीटर १०० वॅटचा, रेंज दहा-पंधरा किलोमीटर, माणसं आम्ही अडीच (अर्धा म्हणजे कॉलेजचा पोरगा, परीक्षा आली की तोही नाही).

६ ते ७ शेतीचा लाइव्ह कार्यक्रम असतो. स्टुडिओत पाहुणा, मधे मधे श्रोत्यांचे फोन. ७ ला सामुदायिक प्रार्थना, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या लोकांनी म्हटलेली, रेकॉर्ड केलेली. आता होते काय की पाहुणा येतो सहा-दहाला, चहा पिऊन माईकसमोर बसेपर्यंत सव्वासहा, तोवर निवेदिका गाणी लावून दम काढते आणि मग बरोबर सातला पाहुण्याला रंग चढतो. प्रार्थना कधी ७.०८ ला, कधी ७.१५ ला. एकदा मधातच कापलं तर पाहुण्याचा भाऊ भांडायला आला.

तर लाइव्ह कार्यक्रम वेळेत बसवायचा कसा? आणि दुसरं म्हणजे, बसवायलाच पाहिजे का? आमच्या कमिटीत यावरून दोन पार्ट्या पडल्या आहेत.

पऱ्हाटी_बोंड | रात्री ९.२०

कायले पायजे वेळ बिळ. मी वावरातून घरी येतो तवा सात वाजून गेले राह्यते, तुमचा कार्यक्रम लांबला तरच मले शेवटचा तुकडा आयकाले भेटते. लांबवा अजून :)

मुठेकाठी | रात्री ९.३१

आमच्याकडे पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सात-दहाला लागतात म्हणजे सात-दहालाच लागतात. शिका काहीतरी.

पऱ्हाटी_बोंड | रात्री ९.३३

@मुठेकाठी आमी बी आयकतो ना भाऊ थ्या बातम्या. त्यात आमचं नाव फक्त उन्हायात येते, पारा ४५ च्या वर चढला की.

संत्र्याची_फोड | रात्री ९.४०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). टॉवरभाऊ, सोपा उपाय. पाहुण्याला साडेपाचची वेळ सांगा.

टेकडीवरचा_टॉवर | रात्री ९.४६

@संत्र्याची_फोड करून पाहिलं. कृषी विज्ञान केंद्राचे सर बरोबर साडेपाचला हजर, आम्ही कुलूप उघडून राहिलो होतो. अर्धा तास पायरीवर बसले, आणि मग कार्यक्रमात गुलाबी बोंडअळीपेक्षा वक्तशीरपणावरच जास्त बोलले. आणि ज्यांना उशिराच यायचं त्यांना गावात सगळ्यांना माहीत झालं आहे की रेडिओवाले अर्धा तास आधीची वेळ देतात, ते आता तो अर्धा तास वजा करून येतात.

निवृत्त_निवेदक | रात्री १०.२५

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. मी बरीच वर्षं विदर्भातल्या एका आकाशवाणी केंद्रावर हंगामी निवेदक होतो. तिथे ड्युटी रूममध्ये फिक्स्ड पॉइंट चार्ट असायचा. दिवसभरातले जे कार्यक्रम हलणारच नाहीत ते त्यात, म्हणजे दिल्लीच्या बातम्या, प्रादेशिक बातम्या, असे. बाकी सगळं या खुंट्यांच्या मधे. गंमत अशी की आम्हाला वेळ पाळायला कोणी शिकवलंच नाही, पाळावीच लागायची, कारण दिल्लीचं बुलेटिन काही आपल्यासाठी थांबत नाही. तुमच्याकडे ७ ची प्रार्थना तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, ती थांबते, म्हणून सगळेच तिला थांबवतात. खुंटी हलते हे एकदा कळलं की मग कोण ऐकतो.

आता पहिला प्रश्न. वेळेचा हिशेब नेहमी शेवटाकडून मागे करायचा. समजा ७.०० ला प्रार्थना. त्याआधी केंद्राची ओळख आणि उद्याच्या कार्यक्रमाची सूचना, ४० सेकंद. म्हणजे ६.५९.२० ला निवेदिका बोलायला लागली पाहिजे. त्याच्या आधी एक बासरी किंवा सनईचा तुकडा ठेवा, शब्द नसलेला, समजा ४ मिनिटं १० सेकंदांचा. हा तुकडा ६.५५.१० ला सुरू करायचा. पण (हे नीट वाचा) फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी, बंद ठेवून. पाहुणा बोलतोय तर बोलू द्या, बासरी आत वाजत राहील, बाहेर ऐकू जाणार नाही. पाहुणा ६.५६ ला थांबला, फेडर हळूच वर. ६.५८.३० ला थांबला, तरी हळूच वर. कधीही उचला, ती संपणार ६.५९.२० लाच. श्रोत्याला वाटतं किती बरोबर बसवलं. यात बसवायचं काही नसतंच, मागून मोजलेलं असतं एवढंच. शब्द असलेलं गाणं यासाठी घेऊ नका, कडव्याच्या मधातून उचललेलं गाणं लगेच कळतं.

क्यू शीट लिहिता का? लिहीत नसाल तर उद्यापासून लिहा. प्रत्येक तुकड्यासमोर ठरलेली वेळ आणि शेजारी प्रत्यक्ष वेळ. पंधरा दिवसांची पानं शेजारी ठेवून पाहिली की नेमकं कुठं गळतंय ते दिसतं. माझा अंदाज, तुमचं गळणं शेवटी नाही, सुरुवातीला आहे.

झाडीची_मैना | रात्री १०.४१

वाखुसा (वाचनखूण साठवली). बासरीची युक्ती भारीच आहे काका.

वायरमन_२२० | रात्री ११.०३

काकांशी सहमत, पण त्याआधी एक भाबडा प्रश्न: स्टुडिओतलं घड्याळ कोणतं? आणि कॉम्प्युटरचं? मी ज्या ज्या छोट्या केंद्रावर मशीन दुरुस्तीला गेलो तिथं भिंतीवरचं घड्याळ एक, कॉम्प्युटरचं दुसरं, आणि निवेदकाच्या मोबाईलचं तिसरं. सेकंदाचा हिशेब करायचा आणि घड्याळंच दीड मिनिटानं वेगळी, मग काय उपयोग. कॉम्प्युटर इंटरनेटवरून वेळ जुळवत असतो हे खरं, पण नेट नसलं की तो आपल्या मनानं चालतो, त्यात मदरबोर्डची बटण-सेल संपली असेल तर लाईट जाऊन आली की थेट जुन्या तारखेवर जातो आणि ऑटोमेशनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप वाजणारी, सगळी प्लेलिस्ट झोपते. देशाची अधिकृत वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ठेवते, तिच्या सर्व्हरवरून जुळवून घेता येते. सेल बदला, रोज एकदा वेळ जुळवायला लावा, आणि भिंतीवरचं घड्याळ कॉम्प्युटरला पाहून लावा. मोबाईल स्टुडिओच्या बाहेर.

आणि यूपीएस कॉम्प्युटरला, मिक्सरला आणि ट्रान्समीटरला, तिघांनाही. जनरेटर सुरू व्हायला जो वेळ लागतो त्यात श्रोता दुसरीकडे गेलेला असतो.

माईक_मावशी | बुधवार, सकाळी ६.५०

मी बचत गटातून रेडिओवर आले, आता निवेदन करते. वर सगळ्यांनी मशीनचं सांगितलं, मी माणसाचं सांगते.

पहिली गोष्ट. घड्याळ पाहुण्याच्या समोर लावू नका, पाठीमागे लावा. समोर असलं की तो बोलता बोलता वर पाहतो आणि म्हणतो अजून दहा मिनिटं आहेत, मग मुळापासून सांगतो. मुळापासून म्हणजे त्याच्या आजोबापासून.

दुसरी गोष्ट, चिठ्ठी. आधी आम्ही "२ मिनिटे" लिहिलेला कागद दाखवायचो. एका साहेबांनी तो माईकवर वाचला. "मला इथं सूचना आलेली आहे की दोन मिनिटं उरली आहेत, तर मी अगदी पाच मिनिटांत आटोपतो." तेव्हापासून कागद बंद. आता आधीच सांगून ठेवते, मी हात टेबलावर पालथा ठेवला की तुमचं वाक्य पुरं करायचं.

तिसरी. शेवटी "जाता जाता श्रोत्यांना काय संदेश द्याल" हे विचारायचंच नाही. मेलेला पाहुणाही जिवंत होतो त्या प्रश्नानं. संदेश म्हटला की तरुण पिढी, व्यसनं, मोबाईल, संस्कार, सगळं येतं. त्यापेक्षा शेवटचा प्रश्न आकड्याचा विचारावा. एकरी बियाणं किती, दोन फवारण्यांत अंतर किती दिवसांचं. आकडा सांगून झाला की माणूस श्वास घेतो, त्या श्वासात धन्यवाद म्हणून टाकायचं.

आणि टॉवरदादा, पाहुण्याची ओळख किती वेळ चालते तुमच्याकडे? खरं सांगा.

टेकडीवरचा_टॉवर | सकाळी ८.१५

@माईक_मावशी ताई, ओळख... पाच-सात मिनिटं जाते. शिक्षण, पुरस्कार, पदं. मग पाहुणे "व्यासपीठावर उपस्थित मान्यवर" म्हणून सुरुवात करतात. व्यासपीठावर निवेदिका आणि टेबलफॅन असतो.

संत्र्याची_फोड | सकाळी ८.२२

टेबलफॅन =)) =))

अवांतर नाही, मुद्द्याचं: हा पैशाचाही प्रश्न आहे. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक रेडिओला तासाला ७ ऐवजी १२ मिनिटं जाहिराती घेता येतात, आणि सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. मिनिटाचे ४४४ होतात. तुमचा पाहुणा पंधरा मिनिटं ओसंडून वाहिला की ठरल्या वेळच्या जाहिराती कुठं जातात? पुढं ढकलता, आणि मग रात्री नवाच्या पुढं सगळ्या एकामागून एक लावता, बरोबर ना? जाहिरात देणारा एकदा ऐकायला बसला की पुढच्या वर्षी नाव काढत नाही.

पऱ्हाटी_बोंड | सकाळी ९.०५

म्हंजे शेतकऱ्याचा फोन कापाचा आन् जाहिरात लावाची. वा रे वा. फोड ताई (का भाऊ?) तुमी सांगा, कोनाच्या वावरात बोंडअई पडली, थो चाळीस मिनटापासून फोन लावून राह्यला, त्याचा नंबर लागला सहा-अठ्ठावनला, आन् तुमी बासरी वाजवता? रेडिओ गावाचा म्हनता तं गावाची वेळ चालू द्या. आकाशवाणी होतीच की वेळेवर चालाले.

निवृत्त_निवेदक | सकाळी १०.१०

@पऱ्हाटी_बोंड राग बरोबर आहे तुमचा, पण ६.५८ ला फोन घेणं हीच चूक. आमच्याकडे नियम होता, शेवटच्या आठ मिनिटांत नवीन फोन घ्यायचा नाही. जे लाइनीत आहेत त्यांची नावं, गावं, प्रश्न ड्युटीवरच्या माणसानं लिहून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या सुरुवातीला निवेदकानं नाव घेऊन उत्तर वाचायचं. त्याचा फायदा असा व्हायचा की तो माणूस दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला रेडिओ लावून बसायचा, आणि त्याचे शेजारीही. शिवाय दोन मिनिटांत घाईघाईनं फवारणीचं औषध सांगणं धोक्याचं. प्रमाण चुकीचं ऐकलं गेलं तर जीवावर बेतू शकतं, यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

पऱ्हाटी_बोंड | सकाळी १०.१८

हे पटलं. औषधाचं घाईत नोको.

मुठेकाठी | सकाळी ११.००

बीबीसीवर तासाच्या ठोक्याआधी ते सहा टुं टुं वाजतात, ५ फेब्रुवारी १९२४ पासून. शेवटचा लांब असतो आणि तो जिथं सुरू होतो तिथं तास सुरू. निवेदक त्याच्यावर बोलला तर तिथं ती मोठी बदनामी समजतात. तुम्हीही सातच्या आधी तसे ठोके लावा, पाहुण्याला कानानंच कळेल.

झाडीची_मैना | सकाळी ११.२७

@मुठेकाठी ठोक्यांनी आमच्याकडचा पाहुणा थांबत नाही हो. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, या एकदा, दिवाळीनंतर. नाटक रात्री दहाचं म्हणून जाहीर होतं, मग सत्कार, मग उद्घाटन, मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार, पडदा उघडतो कधी तर थंडीनं सगळ्यांच्या शाली डोक्यावर गेल्यावर. पण सकाळी उजाडेपर्यंत प्रेक्षक हलत नाही. वडसा म्हणजे देसाईगंजला कंपन्यांची ऑफिसं आहेत, हंगामात रोज वेगळ्या गावात प्रयोग, आणि ट्रक दुसऱ्या गावाला वेळेवर पोचतोच. म्हणजे वेळ पाळता येते, फक्त सत्कार नसला पाहिजे.

संत्र्याची_फोड | सकाळी ११.३५

"ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार" +१

वायरमन_२२० | दुपारी १.४०

प्रार्थनेवरून आठवलं. गावोगावची गुरुदेव सेवा मंडळं तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहतात, महाराजांच्या आश्रमात, मोझरीला, तर लाखो लोक एका क्षणात गप्प उभे राहतात. कोणाला वऱ्हाडी लोकांना वेळ पाळता येत नाही असं वाटत असेल तर त्यानं तिथं जाऊन पाहावं. तर एका केंद्रावर (विचारू नका कोणत्या) गावातलं हे मौन लाइव्ह द्यायचं ठरलं. सगळं चोख, ४.५८ ला शांतता. पण यंत्रात सायलेन्स डिटेक्टर होता, वीस सेकंद आवाज आला नाही तर समजायचं बिघाड झाला आणि आपोआप राखीव फाईल वाजवायची. राखीव फाईल होती ढेपेची, म्हणजे गुरांच्या पेंडीची, जाहिरात. मंडपात कोणीतरी मोबाईलवर रेडिओ लावून ठेवला होता स्पीकरवर...

सांगायचं काय तर ऑटोमेशन लावा, पण लाइव्हच्या वेळी ते कोणी बंद करायचं हे क्यू शीटवर लिहा, नावासकट.

झाडीची_मैना | दुपारी १.४४

ढेप!! ऑफिसात मोठ्यानं हसले, साहेब पाहून राहिले.

रातपाळीचं_ओलित | दुपारी ३.२०

पहिल्यांदाच लिहितो. मी टॉवरभाऊंच्या रेंजमधलाच असावा असं वाटून राहिलं, कारण इकडची प्रार्थना पण अशीच मागंपुढं होते. कमिटीला एवढं सांगा. आमच्या विजेच्या फीडरवर एक आठवडा दिवसाची लाइन आणि एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला मी प्रार्थना संपली की निघतो, वावर दोन किलोमीटर. बॅटरी, काठी, डबा सगळं प्रार्थनेच्या वेळात भरून होते. घरात भिंतीवर घड्याळ आहे पण पाहते कोण. म्हातारी रेडिओवरून भात उतरवते. प्रार्थना सव्वासातला लागली की मी तेवढा उशिरा निघतो, आणि मोटर सुरू करायला दुसरा कोणी गेलेला असतो, विहीर सामाईक आहे आमची. भांडण होते. हे तुमच्या पाहुण्याला माहीत नसते.

कार्यक्रम किती वाजता सुरू होतो याच्याशी मला काही घेणं नाही. सहाचा सव्वासहाला सुरू करा.

निवृत्त_निवेदक | दुपारी ४.०५

@रातपाळीचं_ओलित हा प्रतिसाद छापून स्टुडिओच्या दारावर लावण्यासारखा आहे. लहानपणी आमच्या घरी नागपूर केंद्र लागायचं, ५१२ दशांश ८ मीटर्स अर्थात ५८५ किलोहर्ट्झ, आणि आई शाळेची वेळ घड्याळात कधी पाहायची नाही. अमुक कार्यक्रम लागला म्हणजे वेणी झालीच पाहिजे.

टेकडीवरचा_टॉवर | शुक्रवार, रात्री १०.३०

दोन दिवस करून पाहिलं ते सांगतो. क्यू शीट लिहिली. काका बरोबर बोलले, गळती सुरुवातीलाच आहे, ओळख आणि गाण्यांत वीस मिनिटं जातात. आज ओळख एका वाक्यावर आणली, पाहुणे जरा हिरमुसले, मग निवेदिकेनं त्यांचं सगळं शिक्षण तुकडे करून कार्यक्रमभर वाटलं, "तुम्ही तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकले, मग सांगा" असं. खुश झाले. पाहुणा यायच्या आधीची जागा भरायला बाजार समितीचे भाव आणि कालचे राहिलेले प्रश्न घेतले, त्यामुळं सहालाच सुरू झालं आणि पाहुणा आल्यावर मधातून आत घेतला.

बासरी काल फसली, कारण पोरानं फेडर बंद ठेवायच्या ऐवजी कमी ठेवला आणि सोयाबीनच्या भावावर बोलताना मागं सनईसारखं काहीतरी, लग्न लागून राहिलं असं वाटे. आज बसली. प्रार्थना ७.०० वाजून २ सेकंदांनी. कमिटीतली दुसरी पार्टी म्हणते दोन सेकंद कशाचे?

माईक_मावशी | रात्री १०.५२

त्यांना स्टुडिओत बसवा एक दिवस पाहुण्यासमोर.

रातपाळीचं_ओलित | रात्री ११.१०

आज बरोबर सातला लागली. पण एक विचारायचं होतं. बाजूच्या दुकानात तुमचं मोबाईल ॲप चालू असते, आमच्या घरी रेडिओ. ॲपवर प्रार्थना मागून येते, अर्ध्या मिनिटानं. रस्त्यावर उभं राहिलं की दोनदा ऐकू येते. असं काऊन?

वायरमन_२२० | रात्री ११.२५

ॲपचा आवाज इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्यांत येतो आणि फोन काही सेकंदांचा साठा करून मगच वाजवतो, नेट अटकलं तर आवाज तुटू नये म्हणून. तो उशीर टाळता येत नाही, थोडा कमी करता येतो. म्हणून टॉवरभाऊ, "आता बरोबर सात वाजले आहेत" असं माईकवर म्हणू नका, ॲपवाल्याला ते सातच्या नंतर ऐकू येते. "सातची प्रार्थना" म्हणा. आणि फोन करणाऱ्या श्रोत्याला बाजूचा रेडिओ किंवा ॲप आधी बंद करायला लावा, नाहीतर तो आपलाच मागचा आवाज ऐकून अडखळतो आणि त्याच्या "हॅलो हॅलो"त तुमचं एक मिनिट जाते.

पऱ्हाटी_बोंड | रात्री ११.४०

म्हंजे मी वावरातून ॲप लावलं तर मले अर्धा मिनिट जास्त भेटन. हे आधी सांगाचं ना बे.

टेकडीवरचा_टॉवर | रात्री ११.४८

@पऱ्हाटी_बोंड भाऊ, तुमच्यासाठी आज कमिटीत विषय काढला. सकाळी साडेसहाला आदल्या दिवशीच्या कार्यक्रमाचं पुनःप्रसारण सुरू करून राहिलो, गाणी आणि ओळख काढून. पन्नास मिनिटांचं. सोमवारी तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीचं आहे, प्रश्न असेल तर सहाच्या आधी फोन करून नाव लिहून ठेवा.

पऱ्हाटी_बोंड | रात्री ११.५५

लिहा. तुरीले फुलं लय हाय पन शेंग धरून नाई राह्यली, हे इचारा त्याईले. आन् उत्तरात संदेश नोको.